संग्रहालयाने आधी एक निर्णय सोडावा, मग कलाकाराला बोलवावं

एका संग्रहालयाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. तांब्या-पितळेची भांडी, अडकित्ते, दिवे, थोडी शस्त्रं, काही चित्रं असा संग्रह. दोन गल्ल्या पलीकडे तांबटांची जुनी वस्ती, पण तिथलं कुणी संग्रहालयात फिरकत नाही. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या, निधीतून तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे कलाकाराने तिथेच राहून काम करण्यासाठी, पैसे मिळू शकतात. कुठल्या कलाकाराला बोलवावं, आणि त्याच्याकडून काय करून घ्यावं, म्हणजे वस्ती संग्रहालयाशी जोडली जाईल?

या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. कलाकार कोण, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न विश्वस्तांनी स्वतःला विचारायचा: आजवर फक्त आपणच घेत आलो असा कुठला एक निर्णय आपण वस्तीच्या हाती द्यायला तयार आहोत? लेबलवर काय लिहायचं, हा निर्णय असू शकतो. स्टोअरमधलं काय बाहेर मांडायचं, दालनाला कुणाचं नाव द्यायचं, संग्रहालय किती वाजता उघडायचं आणि कधी बंद ठेवायचं, यांतलं काहीही असू शकतं. निर्णय लहान असला तरी चालेल, पण तो खरोखर हातातून सुटला पाहिजे. एकही निर्णय सोडायची तयारी नसेल, तर कितीही गुणी कलाकार आणा, तीन महिन्यांनी प्रदर्शन होईल, उद्घाटनाला वस्तीतली मंडळी हौसेने येतील, फोटो निघतील, आणि चौथ्या महिन्यात सगळं जिथल्या तिथे. मग कलाकाराला नावं ठेवली जातात, आणि ते अन्यायाचं असतं. ज्या घरात त्यालाच काही हलवायची मुभा नाही, तिथे तो बाहेरच्यांना काय जागा करून देणार?

निर्णय सोडणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण लंडनचं. 2018 मध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉल या भव्य दालनासाठी क्यूबाच्या कलाकार तानिया ब्रुगेरा यांना काम दिलं होतं. त्यांनी संग्रहालयाच्याच एसई1 या टपाल विभागात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या 21 जणांचा गट बनवला, त्यांना 'टेट नेबर्स' म्हटलं, आणि संग्रहालयाने शेजाऱ्यांशी कसं वागावं हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. या गटाच्या म्हणण्यावरून टेटने आपल्या मूळ इमारतीला, जिला तोवर बॉयलर हाउस म्हणत, वर्षभरासाठी नॅटली बेल यांचं नाव दिलं. बेल कुणी देणगीदार नव्हत्या. त्या भागातल्या तरुणांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या. आपल्याकडे दालनावर कुणाची पाटी लागते हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे एवढ्या मोठ्या संस्थेने इमारतीच्या नावाचा अधिकार वर्षभरासाठी का होईना शेजाऱ्यांकडे दिला, याचं मोल आपल्याला लगेच कळतं.

पण माझ्या मते तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगतो. 1992 मध्ये तिथल्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी या इतिहास-संग्रहालयात फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलाकाराला बोलावण्यात आलं. विल्सन यांनी पूर्वी संग्रहालयात सुरक्षारक्षकाची नोकरीही केली होती. तेव्हा सोसायटीच्या दालनांत होतं काय, तर श्रीमंत गोऱ्या घराण्यांची चांदीची भांडी, फर्निचर, व्यक्तिचित्रं. शहरात कृष्णवर्णीयांची लोकसंख्या मोठी, पण त्यांचा मागमूस दालनांत नव्हता. विल्सन यांनी नवीन काहीही रंगवलं नाही की घडवलं नाही. त्यांनी गोदामं उघडायला लावली, आणि जे होतं तेच वेगळ्या जागी ठेवलं. एका काचपेटीत नक्षीदार चांदीचे चंबू-सुरया, आणि त्यांच्यामध्येच गुलामांच्या पायांत ठोकायच्या लोखंडी बेड्या. लेबल फक्त एवढंच: धातुकाम, 1793 ते 1880. दोन्ही वस्तू त्याच संग्रहातल्या, दोन्ही धातूच्या. आजवर एक दालनात होती आणि दुसरी गोदामात, एवढाच काय तो फरक. दुसरीकडे, सुतारकामाच्या शीर्षकाखाली उंची खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांचं तोंड होतं फटके मारण्याच्या खांबाकडे. आणखी एका जागी नेपोलियन, हेन्री क्ले, अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे, तर शेजारी तीन रिकामे चौथरे. त्यांवर नावं हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर या थोर कृष्णवर्णीयांची. हे तिघं मेरीलँडमध्ये जन्मलेले. ज्यांचे पुतळे होते त्यांपैकी एकही तिथला नव्हता.

हे काम जगभर नावाजलं गेलं, त्याचं श्रेय विल्सन यांच्या नजरेला आहेच. पण तितकंच ते संस्थेने गोदामाच्या किल्ल्या आणि लेबल लिहिण्याचा अधिकार, दोन्ही सोडले याला आहे. तुम्ही निमंत्रणपत्र लिहायला बसाल तेव्हा 'कलाकाराने आमच्या संग्रहातून प्रेरणा घ्यावी' असलं मोघम वाक्य घालू नका. त्याऐवजी स्पष्ट लिहा: कलाकाराला स्टोअर पूर्ण पाहता येईल, नोंदवही वाचता येईल, आणि अमुक इतकी लेबलं वस्तीतल्या लोकांबरोबर नव्याने लिहिता येतील. चांगले कलाकार अशा पत्राला उत्तर देतात. मोघम पत्राला कुणाची उत्तरं येतात ते सांगायला नको.

आता तुमच्या तांब्याकडे येऊ. माझा अंदाज असा की तुमची लेबलं बहुतेक 'पाण्याचे भांडे, तांबे, 19वे शतक' या धर्तीची असतील. बहुतेक छोट्या संग्रहालयांत तशीच असतात. हेच भांडं तांबटकाम करणाऱ्या जुन्या कारागिराच्या हाती द्या आणि तो काय करतो ते बघा. आधी तो ते उलटं करून तळ पाहील. मग अंगठा बाहेरच्या अंगावरून फिरवेल. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकण्याचं काम, हाताचं असेल तर हातोडीचे ठसे ओळीने, गोलाकार, एकमेकांना जेमतेम चिकटून आलेले असतात. हात कसलेला असेल तर ओळ कुठे तुटत नाही, आणि शिकाऊ हात असेल तर मानेजवळ, जिथे भांडं वळतं, तिथे ठसे एकमेकांवर चढतात. मग तो झाळ शोधेल: दोन पत्रे कुठे जोडलेत, खांद्यावर की पोटावर. आत डोकावून कल्हई होती का, ती किती वेळा काढली असेल, म्हणजे भांडं रोजच्या स्वयंपाकातलं की नुसतं पाणी भरायचं, हे तो दोन मिनिटांत सांगेल. हे सगळं ज्ञान तुमच्या लेबलवर नाही, कारण लेबल लिहिताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

इथे एक खरा पेच येतो, तो आधीच सोडवून ठेवा. कारागिराचा हात जुनं तांबं दिसलं की चिंच शोधतो. काळवंडलेलं भांडं त्याच्या दृष्टीने हेळसांड झालेलं भांडं. संवर्धकाच्या, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाच्या, दृष्टीने तीच काळपट छटा जपायची गोष्ट आहे, घासली की ती आणि तिच्याबरोबर वापराच्या खुणा गेल्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यामुळे समजूत घालत बसण्यात अर्थ नाही. यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: बोहारणींकडून आणि भांड्यांच्या दुकानांतून मोडीत निघालेली तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकत घ्या आणि हाताळण्यासाठी वेगळा संग्रह करा. तो संग्रहालयाच्या नोंदवहीत चढवायचा नाही. त्याला हात लावायचा, घासायचं, कल्हई करायची, हवं तर कापून आतली झाळ बघायची. कल्हईवाल्याला अंगणात बसवा. भाता, कथील, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतून चंदेरी होणारं पातेलं हे बघायला शाळकरी पोरंच काय, त्यांच्या आज्याही येतात, आणि आज्या आल्या की घरातल्या भांड्यांच्या गोष्टी आपोआप येतात. त्या लिहून घ्यायला माणूस तयार ठेवा. मूळ संग्रहातली भांडी मात्र मेजावर, खाली मऊ कापड घालून, तुमच्या माणसाच्या देखरेखीखालीच दाखवायची. यात कारागिराचा अपमान होत नाही, कारण त्याच्या हाताला मोकळं सोडायची दुसरी जागा तुम्ही केलेली असते.

वस्तीत जाण्याआधी आणखी एका ठिकाणी जायला हवं, ते म्हणजे तुमचे स्वतःचे कर्मचारी. संग्रहालयात वस्तीशी नातं असलेलं कुणी आधीपासून असेल, तर ते बहुधा शिपाई, झाडूवाली बाई किंवा रात्रपाळीचा रक्षक. क्युरेटर बाहेरगावचा असतो, रक्षक दोन गल्ल्यांवरचा. तरी रेसिडेन्सीच्या बैठकीला रक्षकाला बोलावलेलं मी फार क्वचित पाहिलं आहे.

या संदर्भात मिर्ल लेडरमन युकेलिस या अमेरिकन कलाकाराचं काम प्रत्येक संग्रहालयाने माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. 1973 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात त्यांनी पायऱ्या आणि दालनांची फरशी हातांनी धुऊन काढली, तेच काम कला म्हणून. आणखी एका कृतीत त्यांनी ममी ठेवलेली काचपेटी घेतली. रोज ती पुसणाऱ्या कर्मचाऱ्याने आधी ती नेहमीसारखी पुसली. मग युकेलिस यांनी पुसली आणि पुसलेली काच ही कलाकृती आहे असं जाहीर केलं. आता ती कलाकृती झाली म्हटल्यावर सफाई कर्मचाऱ्याला तिला हात लावायची परवानगी उरली नाही. पुढच्या वेळी ती पुसायचा अधिकार संवर्धकाचा. काच तीच, धूळ तीच, फडकंही जवळपास तेच. कुणाच्या हाताला काय म्हणायचं आणि त्याला किती पैसे द्यायचे, हे संस्था कशी ठरवते ते यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. पुढे 1977 पासून युकेलिस न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात निवासी कलाकार झाल्या, तेही बिनपगारी, आणि 1979-80 मध्ये शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना भेटून प्रत्येकाशी हस्तांदोलन करून त्यांनी आभार मानले.

तुमच्याकडे याचा उपयोग साधा आहे. कलाकाराचा पहिला आठवडा रक्षकांबरोबर आणि सफाई करणाऱ्यांबरोबर जाऊ द्या. लोक कुठे थांबतात, काय विचारतात, दारातून कोण परत फिरतं, चपला काढायच्या का म्हणून कोण घुटमळतं, हे त्यांना ठाऊक असतं. आणि वस्तीतल्या माणसाने पहिल्यांदा आत पाऊल टाकलं की त्याला भेटणारा पहिला चेहराही त्यांचाच असतो. त्या क्षणी रक्षकाचा सूर चढा लागला तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता मुदत. तीन महिने कमी आहेत. ते एका सलग तुकड्यात देऊ नका. 1966 मध्ये लंडनमध्ये बार्बरा स्टिव्हेनी आणि जॉन लेथम यांनी सुरू केलेला आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत कलाकार पाठवत असे. त्यांची एक पद्धत मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते: आधी छोटा पाहणीचा काळ, त्याचंही मानधन, आणि त्यानंतरच दोन्ही बाजूंनी पुढचं ठरवायचं. काय करणार, हे कलाकाराने आधी लिहून द्यायचं बंधन नव्हतं. तुम्ही तीन आठवडे पाहणी, मग दीड-दोन महिन्यांची फट, मग सहा आठवडे काम, आणि उरलेले दिवस वर्षभरात पसरून परतभेटींना, असं करा. फटीच्या काळात वस्तीत तुमच्याबद्दल बोललं जातं. कलाकार परत आला हे दिसलं की विश्वास बसतो. नुसतं 'परत येईन' म्हणून गेलेले लोक वस्तीने पुष्कळ पाहिलेले असतात.

मुदत किती मोठी होऊ शकते याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नवजोत अल्ताफ. मुंबईच्या या कलाकार नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधल्या कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत, राजकुमार कोर्राम, शांतीबाई, घेसूराम यांच्यासोबत काम करत आल्या. त्यांनी तिथे हातपंपांच्या जागा, म्हणजे 'नलपार', नव्याने बांधल्या. ओट्याला अशा उंचीचे टप्पे केले की पाणी भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर उचलावा लागू नये, मधे टेकवता यावा. सांडपाण्याला वाट केली. भिंतींवर त्या भागातल्या खुणा-आकृत्या. बाई वाकते कशी, हंडा कमरेवरून खांद्यावर कसा जातो, हे बराच काळ बघितल्याशिवाय अशी उंची सुचत नाही. हे काम कुठल्या संग्रहालयाच्या आवारातलं नाही, पण 'समाजाशी जोडलेलं काम' म्हणजे काय हे विश्वस्तांना समजावताना मी नेहमी या ओट्याचं उदाहरण देतो.

कलाकार गेल्यावर काय उरतं, या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियमकडून शिकण्यासारखं आहे. त्या संग्रहालयाने कोरोना या शेजारच्या स्थलांतरितांच्या वस्तीत काम करण्यासाठी शिक्षण विभागापलीकडे जाऊन लोकसंघटक पगारावर घेतले. 2011 मध्ये, आधी ज्यांचा उल्लेख आला त्या तानिया ब्रुगेरा यांनी, क्वीन्स म्युझियम आणि क्रिएटिव्ह टाइम या संस्थेच्या साथीने, रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरच्या एका दुकानाच्या गाळ्यात स्थलांतरितांसाठी केंद्र उघडलं. इंग्रजीचे वर्ग, कायद्याचा सल्ला, मुलांसाठी संगीत, असं सगळं तिथे चालायचं. ब्रुगेरा स्वतः त्याच भागात राहिल्या. पुढे ते केंद्र लोकांनीच चालवायला घेतलं आणि त्याचं 'सेंट्रो कोरोना' झालं. यातली मला महत्त्वाची वाटते ती बाब म्हणजे पगारी संघटक. कलाकार येतात-जातात. सोमवारी सकाळी वस्तीतल्या बाईचा फोन आला तर उचलणारा माणूस संग्रहालयात असायला हवा. तुमच्या अंदाजपत्रकात अशा एका माणसाचा किमान वर्षभराचा पगार बसत नसेल, तर प्रदर्शनाच्या छपाईतून, उद्घाटनातून, कॅटलॉगमधून कापा. आणि हा माणूस वस्तीतला किंवा निदान गावातला असावा. शक्यतो बाई असावी, कारण दुपारी दोन ते चार या वेळात, जेव्हा घरी बायकांना जरा सवड असते, तेव्हा कुठल्याही उंबऱ्याच्या आत तिला जाता येतं.

आता कलाकार कोण? बाहेरून, शहरातून, आर्ट कॉलेजातून शिकलेला माणूसच 'निवासी कलाकार' आणि तांबट मात्र 'सहभागी कारागीर', ही उतरंड तुम्ही सुरुवातीलाच मोडावी असा माझा आग्रह आहे. दोन निवासी कलाकार घ्या, एक बाहेरचा आणि एक वस्तीतला, आणि दोघांचं मानधन सारखं ठेवा. करारात दोघांची नावं एकाच ओळीत, एकाच अक्षरात. आपल्या देशात याला मोठा आधार आहे. 13 फेब्रुवारी 1982 ला भोपाळचं भारत भवन उघडलं, तेव्हा तिथल्या 'रूपंकर' संग्रहालयाची धुरा सांभाळणाऱ्या जगदीश स्वामीनाथन यांनी शहरी आधुनिक चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना एकाच छताखाली, समान मानाने जागा दिली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या तरुण परधान गोंड मुलाने घराच्या भिंतींवर काढलेली चित्रं याच शोधमोहिमेत नजरेस आली. तो भोपाळला आला, भारत भवनात काम करू लागला, आणि त्याच्यामागून त्याच्या नात्यातली किती तरी मुलं-मुली आली. आज ज्याला आपण गोंड चित्रकला म्हणून ओळखतो तिची आधुनिक वाट तिथून निघाली.

याच जनगढ यांचं पुढे जे झालं तेही रेसिडेन्सी चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची इथे, डोंगरातल्या बर्फाळ भागात, तोकिओ हासेगावा यांनी 1982 मध्ये मिथिला संग्रहालय सुरू केलं. बिहारच्या मिथिला चित्रकार गंगादेवी, आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे अशा थोर भारतीय कलाकारांनी तिथे राहून काम केलं आहे. 2001 च्या जुलैमध्ये तिथेच निवासी असताना जनगढ यांनी आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आतबाहेर. त्यांच्या मृत्यूनंतर भारतातल्या कलाकारांनी निवासाच्या अटी, मानधन, आणि हवं तेव्हा घरी परतण्याचा हक्क यांबद्दल जाहीर प्रश्न विचारले. एका माणसाच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही. पण अटींबद्दल बोलायलाच हवं, कारण त्या आपल्या हातात असतात. निवासी कलाकार लांबून आलेला असो, देशातला असो वा परदेशातला, त्याची कागदपत्रं त्याच्याजवळच राहतील. परतीचं तिकीट त्याला हवं तेव्हाचं काढता येईल आणि मधेच निघाला तर तोवरच्या कामाचे पूर्ण पैसे मिळतील. त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी रोज भेटेल. मुदत वाढवायची तर त्याने स्वतः मागितली तरच. ही चार कलमं करारात लेखी हवीत. राहण्याची खोली संग्रहालयाच्या मागच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये, जिथे सहानंतर चिटपाखरू नसतं, तिथे देऊ नका. वस्तीजवळ, माणसांत द्या.

भिंतीवर कायमचं काम करून घ्यायचा मोह होतो. तो शक्यतो आवरा. आवरला नाही तर ते काम किती वर्षं, कुणाच्या देखभालीखाली आणि काढायची वेळ आली तर कुणाला विचारून, हे आधी लिहून ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात गंगादेवींनी कर्करोगाशी झुंजत असताना कोहबर घर रंगवलं होतं. मिथिलेत नवदांपत्याच्या खोलीच्या भिंतींवर जे रंगवतात, ते एका श्रेष्ठ कलावतीने आपल्या अखेरच्या काळात संग्रहालयाला दिलं होतं. इमारतीच्या नूतनीकरणात ते नष्ट झाल्याचं 2015 मध्ये पुढे आलं. त्या भिंतींसारखं दुसरं काम आता होणे नाही. कायदाही याबाबतीत मुका नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं; दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खालच्या नैतिक हक्काच्या, म्हणजे आपल्या कलाकृतीची मोडतोड होऊ न देण्याच्या कलाकाराच्या हक्काच्या, आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वस्तीतल्या कलाकारालाही हा हक्क तितकाच लागू आहे, हे त्याला आधी सांगा.

काम दालनातच दिसलं पाहिजे असंही नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर 2013 मध्ये रीना कल्लाट यांनी मोठमोठ्या रबरी शिक्क्यांचं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची बदलली गेलेली जुनी नावं. ज्या संग्रहालयाचं स्वतःचं नाव 1975 मध्ये बदललं, ज्याच्या शेजारी मूळचा काळा घोडा हा पुतळा येऊन उभा राहिला आहे, तिथे हे काम चपखल होतं. शिवाय आत न शिरताही ते दिसत होतं, राणीच्या बागेत मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांना सुद्धा. तुमच्याकडेही पहिलं काम फाटकाच्या बाहेरच्या बाजूला होऊ द्या.

आणि कधी कधी संग्रहालय समाजाकडे जात नाही, समाजच संग्रहालय काढतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला अंगण उभं केलं, चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या विश्वस्तांना तिथे एकदा घेऊन जा. वस्तू, ती वापरणारा आणि तिच्याबद्दल सांगणारा हे तिघं एकाच घरातले असले की लेबलाची गरज किती कमी होते, हे तिथे समोर दिसतं.

पैशांविषयी थोडं. कार्यशाळेला येणारा कारागीर त्या दिवशीची मजुरी बुडवून येतो. त्याला चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र देऊन भागवू नका. रोजाचे पैसे, तेही त्याच दिवशी, द्या. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नका. सीएसआरसाठी कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृती यांचा स्पष्ट समावेश आहे, त्यामुळे पात्रतेची अडचण नाही. अडचण येते ती 31 मार्चची. कंपनीला पैसे वर्षात संपवायचे असतात, आणि मग फेब्रुवारीत घाईघाईने प्रदर्शन उरकावं लागतं. यावर मार्ग आहे: हा उपक्रम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. तसं असेल तर न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मंजुरीच्या आधी हे बोला, नंतर बोलून उपयोग नसतो.

आणि वेळापत्रक वस्तीच्या पंचांगावर बेता. दिवाळीच्या आधीचे आठवडे आणि लग्नसराई या काळात तांबटाला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा त्याच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहिलात तर तो तोंडदेखलं हसेल आणि पुन्हा बोलावणार नाही. पितृपक्षात मात्र कुणी नवी भांडी घेत नाही, दुकानं थंड असतात, हातोड्यांना जरा विसावा असतो. पाहणीचे तीन आठवडे त्या पंधरवड्याला धरून ठेवा. सामानाची आणि कामाची बोलणी दिवाळी उलटल्यावर, आणि मुख्य काम तुळशीच्या लग्नाआधी गुंडाळायचा हट्ट न धरता मधल्या, लग्नाचे मुहूर्त नसलेल्या दिवसांत. ते दिवस नेमके कुठले, हे तुमच्या वस्तीतलाच एखादा जुना दुकानदार सांगेल. कंपनीला पत्र पाठवण्याआधी त्याच्याकडे जाऊन या.